व्हर्च्युअल मशीनमध्ये इन्स्टॉलरची डिस्क-चाचणी कशी घ्यावी

ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना भाषा, कळफलक, वेळक्षेत्र किंवा वापरकर्त्याचे नाव चुकले, तर ते नंतर दुरुस्त करता येते. डिस्कवर लिहिण्याची पायरी मात्र एकदा पार पडली की मागे घेता येत नाही. म्हणूनच इन्स्टॉलर तपासणाऱ्याने आपला बहुतेक वेळ याच पायरीवर खर्च करावा आणि खऱ्या संगणकाला हात लावण्याआधी ही तपासणी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, उरकावी, कारण तेथे डिस्क म्हणजे केवळ एक फाइल असते आणि ती हवी तितक्या वेळा पूर्वस्थितीत आणता येते. प्रस्तुत लेखात लिनक्स होस्टवर, म्हणजे आभासी यंत्र चालवणाऱ्या मूळ संगणकावर, क्यूएमू हा आभासी यंत्र चालवणारा प्रोग्रॅम व त्याला वेग देणारी केव्हीएम ही सोय वापरून डेबियन १३ चा इन्स्टॉलर तपासण्याचे उदाहरण घेतले आहे. फेडोराचा अ‍ॅनाकोंडा, उबुंटूचा सबिक्विटी किंवा अनेक लिनक्स वितरणांत आढळणारा कॅलामारेस यांनाही थोड्याफार फरकाने हीच पद्धत लागू पडते. व्हर्च्युअलबॉक्समध्येही यातले बरेच जमते. परंतु डिस्कचा एकेक गुणधर्म सुटा करून बदलण्याची जी मोकळीक क्यूएमू देतो, ती या कामात फार उपयोगी पडते. आज्ञांची आणि पर्यायांची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावीत.

चाचणीचा निकाल कशावरून ठरवायचा, हे आधीच निश्चित केलेले बरे. ‘इन्स्टॉलेशन पूर्ण झाले’ हा संदेश म्हणजे निकाल नव्हे. यंत्र पूर्ण बंद करून, आयएसओ (इन्स्टॉलरची डिस्क-प्रतिमा) काढून टाकून, नव्याने सुरू केल्यावर प्रणाली स्वतःच्या डिस्कवरून उभी राहते का, हा पहिला प्रश्न. आणि ज्या डिस्कला किंवा पार्टिशनला (डिस्कच्या स्वतंत्र विभागाला) हात लावू नये असे आपण सांगितले होते, ते अक्षरशः जसेच्या तसे राहिले आहे का, हा दुसरा. पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा फारसे कोणी विचारत नाही, आणि वापरकर्त्याचे खरे नुकसान मात्र तेथेच होते.

पूर्वतयारी

होस्टवर केव्हीएम चालू असल्याची खात्री करावी. ही सोय २००७ साली आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून लिनक्स कर्नेलमध्येच आहे, मात्र संगणकाच्या फर्मवेअरमध्ये (सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद ठेवलेले असू शकते. केव्हीएमशिवायही क्यूएमू चालतो, पण इतका सावकाश की वीस-पंचवीस प्रकारच्या डिस्कांवर चाचणी घेण्याचा उत्साह टिकत नाही. यंत्राचा प्रकार ‘क्यू३५’ निवडावा, मेमरी दोन गिगाबाइट द्यावी आणि यूईएफआयसाठी, म्हणजे जुन्या बीआयओएसच्या जागी आलेल्या बूट-पद्धतीसाठी, ओव्हीएमएफ हे फर्मवेअर बसवून घ्यावे. डेबियनवर त्या पॅकेजचे नावही ‘ओव्हीएमएफ’ असेच आहे. या फर्मवेअरच्या दोन फाइली असतात: एक प्रत्यक्ष कोडची, दुसरी बदलत्या नोंदींची, म्हणजे ‘व्हार्स’ची. दुसऱ्या फाइलीची प्रत्येक चाचणीसाठी वेगळी प्रत करून घ्यावी. अन्यथा मागच्या चाचणीतील बूट-नोंद पुढच्या चाचणीत शिल्लक राहते आणि निकालावरचा विश्वासच उडतो.

डिस्कसाठी क्यूकाउ२ हा प्रकार वापरावा. ‘क्यूएमू-आयएमजी क्रिएट’ या आज्ञेने तीन टेराबाइटची डिस्क तयार केली, तरी सुरुवातीला तिची फाइल होस्टवर काही शे किलोबाइटच जागा घेते. या प्रकाराचा दुसरा गुण आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे: एका मूळ प्रतिमेवर तिचा आधार घेणारी दुसरी पातळ फाइल, म्हणजे ओव्हरले, रचता येते. इन्स्टॉलर जे काही लिहील ते ओव्हरलेमध्येच जाते आणि मूळ प्रतिमा अबाधित राहते. ‘क्रिएट’ आज्ञेत ‘बी’ या पर्यायाने मूळ फाइल आणि मोठ्या ‘एफ’ ने तिचा प्रकार सांगितला की ओव्हरले तयार होतो. मूळ फाइलीवरील लिहिण्याची परवानगी त्याच वेळी काढून टाकावी. ओव्हरले रचल्यानंतर मूळ प्रतिमेत काहीही बदल झाला, तर तिच्यावर आधारलेले सर्व ओव्हरले निरुपयोगी होतात.

होस्टवरील मोकळ्या जागेकडेही लक्ष ठेवावे. ती संपली की क्यूएमूच्या मूळ मांडणीप्रमाणे गेस्टला (आभासी यंत्रातील प्रणालीला) त्रुटी कळवली जात नाही, तर यंत्र थांबवून ठेवले जाते. पडद्यावर मात्र इन्स्टॉलर एखाद्या टक्केवारीवर अडकल्यासारखा दिसतो आणि दोष इन्स्टॉलरचा समजून माणूस तास दोन तास नोंदी चाळत बसतो. क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये ‘इन्फो स्टेटस’ असे विचारले, की यंत्र थांबलेले आहे की चालू, हे लगेच कळते.

डिस्क कोणत्या मार्गाने जोडली आहे

पहिल्या फेरीत डिस्क रिकामी ठेवावी, आकार वीस गिगाबाइट ठेवावा आणि केवळ जोडणीचा मार्ग बदलत जावे. साटा मार्गाने जोडलेली डिस्क गेस्टमध्ये एसडीए या नावाने दिसते, व्हर्टआयओ-ब्लॉक या आभासी यंत्रांसाठीच्या खास मार्गाने जोडलेली व्हीडीए म्हणून, आणि एनव्हीएमई मार्गाने जोडलेली एनव्हीएमई०एन१ या नावाने. एनव्हीएमई उपकरण जोडताना ‘सिरियल’ हा गुणधर्म द्यावाच लागतो, नाही तर क्यूएमू सुरूच होत नाही. नावांमधील हा फरक वरवरचा नाही. एसडीएच्या पहिल्या पार्टिशनचे नाव एसडीए१ असे होते, परंतु एनव्हीएमई डिस्कचे मूळ नावच अंकाने संपत असल्यामुळे तेथे मध्ये ‘पी’ येतो: एनव्हीएमई०एन१पी१. ज्या इन्स्टॉलरमध्ये किंवा त्याच्या स्वयंचलित स्क्रिप्टमध्ये डिस्कच्या नावापुढे सरळ अंक चिकटवलेला असतो, तो येथे हमखास अडखळतो. हाच ‘पी’ एसडी कार्ड व ईएमएमसी यांच्या नावांतही असतो. त्यांची चाचणी घ्यायची असल्यास एसडीएचसीआय नियंत्रक व एसडी कार्ड ही उपकरणे जोडावीत. मात्र कार्डाच्या प्रतिमेचा आकार दोनच्या घातातच, म्हणजे आठ, सोळा, बत्तीस गिगाबाइट असा असावा लागतो.

विंडोजचा इन्स्टॉलर याच पद्धतीने तपासला, तर साटावर सर्व सुरळीत होते आणि व्हर्टआयओवर डिस्कांची यादी रिकामी येते, कारण त्याच्यासोबत व्हर्टआयओचे ड्रायव्हर नसतात. ते वेगळ्या आयएसओमधून ‘लोड ड्रायव्हर’ या बटणाने द्यावे लागतात. हा बिघाड नव्हे; तरीही इन्स्टॉलरजवळ ड्रायव्हर नसेल तर तो वापरकर्त्याला काय सांगतो, ही बाब तपासण्यासारखी आहेच.

आयएसओ कशी जोडतो यानेही निकाल बदलतो, आणि ही गोष्ट बहुतेक मार्गदर्शकांत राहून जाते. व्हर्च्युअल मशीनमध्ये आपण आयएसओ सवयीने सीडी म्हणून जोडतो. प्रत्यक्षात लोक ती पेनड्राइव्हवर उतरवून वापरतात. म्हणून किमान एका फेरीत एक्सएचसीआय हा यूएसबी नियंत्रक देऊन तीच आयएसओ यूएसबी-स्टोरेज उपकरण म्हणून जोडावी आणि तिच्यावर लिहिण्याची मुभाही ठेवावी. अर्थात ती आयएसओची वेगळी प्रत असावी. अशा वेळी पेनड्राइव्हलाच एसडीए हे नाव मिळून खरी डिस्क एसडीबी होऊ शकते. बीआयओएस मार्गाने बूट करत असताना बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) चुकून पेनड्राइव्हवर बसला, तर पेनड्राइव्ह काढल्यावर संगणक सुरूच होत नाही. सीडी वापरून केलेल्या चाचणीत हा दोष कधीच सापडणार नाही.

सेक्टर, आकार आणि त्यांच्या सीमा

पार्टिशनांची सारणी ठेवण्याच्या जुन्या एमबीआर रचनेत सेक्टरचा (डिस्कच्या सर्वांत लहान तुकड्याचा) क्रमांक ३२ बिटांत साठवला जातो, म्हणून ५१२ बाइटच्या सेक्टरांवर तिची मर्यादा २ टेबीबाइट इतकी पडते. ही सीमा दोन्ही बाजूंनी तपासावी: एक डिस्क १.९ टेबीबाइटची, दुसरी २.१ टेबीबाइटची. बीआयओएस मार्गाने बूट करताना दोन्ही डिस्कांवर इन्स्टॉलर कोणती पार्टिशन-सारणी निवडतो, ते पाहावे. मोठ्या डिस्कवर त्याने जीपीटी ही नवी सारणी निवडली, तर ग्रब या बूटलोडरसाठी ‘बायोस बूट’ हे छोटे पार्टिशन आपणहून केले का, आणि हाताने विभाजन करताना वापरकर्ता ते विसरला तर त्याला वेळीच सावध केले का, हेही पाहावे. या डिस्कांची फाइल सुरुवातीला लहान असली तरी फाइल सिस्टिम तयार झाल्यावर ती वाढते.

सेक्टरच्या आकाराचा भाग याहून रोचक आहे. क्यूएमूमध्ये व्हर्टआयओ-ब्लॉक, स्कझी आणि एनव्हीएमई डिस्कांना ‘लॉजिकल ब्लॉक साइझ’ व ‘फिजिकल ब्लॉक साइझ’ हे दोन गुणधर्म देता येतात. नावांतील शब्द अधोरेषेने जोडून लिहावेत. लॉजिकल ५१२ आणि फिजिकल ४०९६ दिले, तर बाजारातील बहुसंख्य हार्ड डिस्कांसारखी डिस्क तयार होते. तिच्यावर पार्टिशनांची सुरुवात योग्य ठिकाणी होते का, एवढेच तपासायचे असते. पहिले पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे एक मेबीबाइटवर सुरू झालेले असले की सहसा चिंता नसते. दोन्ही गुणधर्म ४०९६ केले की मात्र खरी परीक्षा सुरू होते. आता एक मेबीबाइट म्हणजे २५६ सेक्टर. ज्या कोडमध्ये २०४८ हा आकडा तसाच लिहून ठेवला असेल तेथे पहिले पार्टिशन आठ मेबीबाइटवर जाऊन बसेल, आणि आकारांच्या हिशेबात आठपटीची गफलत होण्याची शक्यता जागोजागी राहील.

अशा डिस्कवरील ईएफआय पार्टिशनचा, म्हणजे यूईएफआय ज्यातून बूटलोडर वाचते त्या पार्टिशनचा, आकार आवर्जून पाहावा. त्यावरील एफएटी३२ या फाइल सिस्टिममध्ये किमान ६५,५२५ क्लस्टर (जागावाटपाचे गट) असावे लागतात आणि एक क्लस्टर एका सेक्टरहून लहान असू शकत नाही. तेव्हा ४०९६ बाइटच्या सेक्टरवर हे पार्टिशन साधारण २५६ मेबीबाइटहून लहान करताच येत नाही. मायक्रोसॉफ्टनेही अशा डिस्कांसाठी किमान २६० मेगाबाइट सांगितले आहेत ते याच कारणाने. शंभर मेगाबाइटचे पार्टिशन करून त्यावर एफएटी३२ चढवण्याचा आग्रह इन्स्टॉलरने धरला, तर काय होते ते नोंदवून ठेवावे. ही चाचणी ओव्हीएमएफवरच करावी. क्यूएमूचे सीबायोस हे नेहमीचे बीआयओएस ४०९६ बाइटच्या सेक्टरांच्या डिस्कवरून बूट करू शकत नाही, आणि त्याचा दोष इन्स्टॉलरच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

आधी वापरलेल्या डिस्का

रिकाम्या डिस्कवर बहुतेक इन्स्टॉलर चांगलेच वागतात. घराघरांतील आणि कचेऱ्यांतील डिस्का मात्र रिकाम्या नसतात, त्यामुळे जुन्या खुणा बाळगणाऱ्या मूळ प्रतिमांचा एक संच तयार करून ठेवावा आणि प्रत्येक चाचणी त्यांच्या ओव्हरलेवर घ्यावी. या संचावर घालवलेला वेळ सर्वाधिक फळ देतो, असे माझे मत आहे.

एका प्रतिमेत एमबीआर सारणी आणि चारही प्राथमिक पार्टिशने भरलेली असावीत, म्हणजे मोकळी जागा असूनही इन्स्टॉलरला तेथे पाचवे प्राथमिक पार्टिशन करता येणार नाही. त्या प्रसंगी तो काय सांगतो, ते पाहावे. दुसऱ्या प्रतिमेसाठी जीपीटी असलेल्या डिस्कवर ‘क्यूएमू-आयएमजी रिसाइझ’ चालवून ती दहा गिगाबाइटने वाढवावी. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरात असावी लागते. डिस्क वाढल्यावर ती मध्येच अडकून राहते. क्लाउडवरील यंत्रांत किंवा लहान डिस्कवरून मोठ्या डिस्कवर नक्कल केल्यावर नेमके हेच घडते. इन्स्टॉलरने वाढीव जागा दाखवावी आणि सारणी दुरुस्त करण्याआधी विचारावे, ही अपेक्षा.

तिसऱ्या प्रकारात रेड रचनेच्या, म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडणाऱ्या रचनेच्या, जुन्या खुणा येतात. एमडीएडीएम या साधनाने १.० प्रकारची नोंद वापरून रेड-१ तयार केले, तर ती नोंद डिस्कच्या शेवटी लिहिली जाते, १.२ प्रकारची नोंद मात्र सुरुवातीपासून चार किलोबाइटवर असते. जो इन्स्टॉलर फक्त डिस्कचा आरंभ पुसतो आणि सारणी नव्याने लिहितो, त्याच्या हातून शेवटची नोंद सुटते, आणि पुढे एखाद्या बूटच्या वेळी कर्नेल ती डिस्क जुन्या रेडचा घटक समजून स्वतःकडे ओढून घेतो. झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या खुणाही डिस्कच्या दोन्ही टोकांना असतात. इन्स्टॉलेशननंतर ‘वाइपएफएस’ ही आज्ञा कोणताही पर्याय न देता चालवली, तर ती काहीही न पुसता उरलेल्या खुणांची केवळ यादी देते. ती यादी निकालासोबत जपून ठेवावी.

चौथा प्रकार एलव्हीएमचा, म्हणजे डिस्कांची जागा ‘व्हॉल्यूम ग्रुप’ नावाच्या साठ्यात एकत्र करून वाटणाऱ्या रचनेचा. डेबियनचा इन्स्टॉलर ‘मार्गदर्शित, एलव्हीएमसह’ हा पर्याय निवडल्यावर संगणकाच्या नावावरून व्हॉल्यूम ग्रुपचे नाव ठरवतो. तेव्हा आधी एका डिस्कवर ‘डेबियन’ या नावाने प्रणाली बसवावी, ती डिस्क जोडलेलीच ठेवून दुसऱ्या रिकाम्या डिस्कवर त्याच नावाने पुन्हा बसवायला घ्यावे आणि एकाच नावाचे दोन ग्रुप समोर आल्यावर इन्स्टॉलर कसा वागतो, ते पाहावे. त्याने अडवून नाव बदलायला सांगणे ठीक. जुना ग्रुप मुकाट्याने मोडीत काढणे मुळीच चालणार नाही.

न लिहिल्याचा पुरावा

दोन डिस्का जोडून दुसरीवर इन्स्टॉलेशन करावे आणि पहिली अबाधित राहिली का, हे डोळ्यांनी नव्हे तर ‘क्यूएमू-आयएमजी कम्पेअर’ ने तपासावे. या आज्ञेला पहिल्या डिस्कची मूळ प्रतिमा आणि तिचा ओव्हरले अशा दोन फाइली दिल्या, की ती दोहोंतील आशयाची तुलना करते. फाइली तंतोतंत सारख्या असल्यास तसे सांगते. नसल्यास पहिला फरक डिस्कच्या आरंभापासून किती बाइटवर आहे, तो आकडा देते. आकडा शून्य आला, तर पहिल्याच सेक्टरात काहीतरी लिहिले गेले आहे, म्हणजे बहुधा बूटलोडर चुकीच्या डिस्कवर गेला. फरक एखाद्या पार्टिशनच्या आत असेल, तर इन्स्टॉलरने इतर ऑपरेटिंग सिस्टिम शोधताना ते पार्टिशन लिहिण्याच्या परवानगीसह माउंट केले होते का, असा संशय घ्यावा. जर्नल (बदलांची अंतर्गत नोंदवही) असलेली फाइल सिस्टिम केवळ माउंट केल्यानेही बदलू शकते. तुलना करण्यापूर्वी यंत्र बंद केलेले असावे, नाही तर फाइल कुलूपबंद असल्याची तक्रार येते.

बसवून झाल्यावर

नव्या प्रणालीत शिरून ‘एलएसबीएलके’ ने सेक्टरचे आकार आणि यूयूआयडी (प्रत्येक फाइल सिस्टिमचे वेगळे ओळखचिन्ह) पाहावेत, ‘फाइंडमाउंट’ (findmnt) ला ‘व्हेरिफाय’ हा पर्याय देऊन एफएसटॅब, म्हणजे सुरू होताना कोणती पार्टिशने जोडायची त्याची यादी, तपासावी आणि जीपीटी असल्यास ‘एसजीडिस्क’ च्या तपासणी-पर्यायाने सारणीच्या दोन्ही प्रती जुळतात का, ते पाहावे. नंतर यंत्र बंद करून डिस्कांचा क्रम उलटा करावा आणि पुन्हा सुरू करावे. एफएसटॅबमध्ये एसडीए१ अशी नावे असतील, तर प्रणाली येथे गोंधळेल; यूयूआयडी असतील, तर तिला क्रमाशी देणेघेणे नसते.

यूईएफआयच्या चाचणीत आणखी एक पायरी आहे: ‘व्हार्स’ फाइलीची कोरी प्रत लावून बूट करणे. ही स्थिती म्हणजे मदरबोर्ड बदलल्यावर किंवा डिस्क दुसऱ्या संगणकात घातल्यावर उद्भवते तीच. फर्मवेअरजवळ कोणतीच नोंद नसल्याने ते ईएफआय पार्टिशनमधील ठरावीक पर्यायी जागी बूटलोडर शोधते. तेथेही ग्रब ठेवायचा का, असा प्रश्न डेबियनचा इन्स्टॉलर तज्ज्ञांसाठीच्या मार्गाने गेल्यास विचारतो. दोन्ही उत्तरे देऊन काय होते, ते पाहावे.

बिघाडाची नक्कल

डिस्कवर लिहिणे चालू असताना क्यूएमूची प्रक्रिया एकदम मारून टाकणे, हा वीज जाण्याचा जवळचा नमुना होय. पण तो खऱ्या प्रसंगाहून सौम्य आहे, हे लक्षात ठेवावे. गेस्टने क्यूएमूकडे सोपवलेला आणि होस्टच्या मेमरीत पोहोचलेला मजकूर अशा वेळी वाचतो, खऱ्या डिस्कच्या कॅशेतील मात्र जातो. एकामागून एक अनेक चाचण्या भराभर घेताना ‘कॅशे’ चे मूल्य ‘अनसेफ’ ठेवल्यास इन्स्टॉलेशन पुष्कळ लवकर होते. बिघाडाच्या चाचणीत मात्र ते वापरू नये, कारण त्यात डिस्कवर मजकूर पक्का करण्याच्या विनंत्या सरळ दुर्लक्षिल्या जातात. खराब सेक्टरचा अनुभव घ्यायचा असल्यास क्यूएमूच्या ‘ब्लॉक-डीबग’ (blkdebug) या थराला ठरावीक सेक्टरवर वाचनाची त्रुटी देण्यास सांगता येते. अशा डिस्कवर इन्स्टॉलर पूर्ण झाला नाही, तर त्यात वावगे काही नाही. त्याने डिस्कचे नाव घेऊन स्पष्ट त्रुटी दाखवली का, की नुसतेच फिरते चक्र दाखवत राहिला, हे नोंदवावे.

नोंदी घेणे

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये आल्ट व एफ२ दाबल्यास शेल मिळतो आणि एफ४ वर चालू नोंदी दिसतात. मजकूर-स्वरूपातील इन्स्टॉलर वापरल्यास हे अधिक सोपे जाते. विभाजनाच्या नोंदी सिसलॉग आणि पार्टमन या दोन फाइलींत असतात. काम पूर्ण झाल्यावर त्या नव्या प्रणालीत ‘व्हार’ खालील ‘लॉग’ मधील ‘इन्स्टॉलर’ या फोल्डरमध्ये ठेवल्या जातात. अ‍ॅनाकोंडामध्ये स्टोरेज आणि प्रोग्रॅम या नावांच्या लॉग फाइली ‘टीएमपी’ मध्ये सापडतात. काम अर्धवट थांबले असेल, तर यंत्र बंद करण्याआधी या फाइली बाहेर काढाव्यात, कारण त्या मेमरीतच असतात.

प्रकारांची संख्या वाढली की हाताने उत्तरे देणे बंद करावे. डेबियनसाठी प्रीसीड, फेडोरासाठी किकस्टार्ट या फाइलींतून सर्व उत्तरे आधीच देता येतात. पडद्यावर काय दिसते तेही तपासायचे असल्यास ओपनक्यूए हे साधन आहे, जे क्यूएमूमधील पडद्याची चित्रे अपेक्षित चित्रांशी ताडून पाहते आणि ओपनसुसे व फेडोरा या प्रकल्पांत वापरले जाते. तरीही स्वयंचलित चाचणी आणि मेनूतून केलेले विभाजन यांचा कोडमधील मार्ग नेहमी एकच नसतो. हाताने विभाजन करण्याचा पर्याय अधूनमधून स्वतः बसून तपासावा लागतो.

दोष कळवताना क्यूएमूची संपूर्ण आज्ञा, तिची आवृत्ती, आयएसओचे चेकसम, मूळ प्रतिमा कशी तयार केली त्या आज्ञा आणि वरील नोंदी द्याव्यात; पडद्याचे छायाचित्र एकटे पाठवू नये. इंटेलच्या व्हीएमडी रचनेमागे दडलेली लॅपटॉपची एनव्हीएमई डिस्क, खरे हार्डवेअर रेड नियंत्रक आणि उत्पादकागणिक निरनिराळे वागणारे फर्मवेअर यांची नक्कल या पद्धतीत होत नाही. तेवढ्या चाचण्या प्रत्यक्ष यंत्रावर, ज्यावर कोणाचाही डेटा नाही अशी डिस्क लावून, वेगळ्या घ्याव्यात.